मुक्कामाला आलेला आजार: मनाच्या बाजूने काय काय करता येतं

तापाने आठवडाभर अंथरुण धरलेल्या माणसाची सगळे विचारपूस करतात आणि आठवड्याने तो उठून कामालाही लागतो. मधुमेह, संधिवात, दमा, किडनीचा विकार, फिट्स, कंबरेचं जुनं दुखणं यांचं तसं नसतं. पहिल्या महिन्यात फोनवर फोन येतात. दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही, गोळ्या मात्र तेवढ्याच राहतात. अशा वेळी मिळणारा सल्लाही ठरलेला: मन खंबीर ठेव, सकारात्मक राहा. हा सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्याचा उपयोगही होत नाही, कारण उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय हे त्यात कुठेच नसतं.

परिचारिका-संशोधक ज्युलिएट कॉर्बिन आणि समाजशास्त्रज्ञ अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९८५ साली जुनाट आजाराबद्दल एक फार कामाची गोष्ट मांडली. अशा आजारात माणसाला तीन कामं एकाच वेळी करावी लागतात. एक आजाराचं: औषधं, तपासण्या, पथ्य. दुसरं रोजच्या संसाराचं, जे आजार आला म्हणून थांबत नाही. आणि तिसरं, 'आता मी कोण?' या प्रश्नाशी जुळवून घेण्याचं. पहिली दोन कामं सगळ्यांना दिसतात. तिसरं कुणालाच दिसत नाही आणि दमणूक बरीचशी त्यातूनच येते. म्हणून तुम्ही 'काहीच न करता' थकत असाल, तर तुम्ही काहीच करत नाही हा समजच आधी सोडा.

माझं म्हणणं असं, की आपण ज्याला एकगठ्ठा 'त्रास' म्हणतो तो आधी सुटा करायला हवा. औषधाने आलेली चिडचिड, दुखण्याने आलेला थकवा, पुढे काय होईल याची धास्ती आणि कुणाच्या तरी बोलण्याने मनाला लागलेलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. थकव्यावर समुपदेशन आणि धास्तीवर विश्रांती असे उपाय चालले की माणूस 'कशाचाच उपयोग होत नाही' म्हणून हात टेकतो.

पहिलं काम: सात दिवसांची वही

एक साधी वही घ्या. दिवसातून दोनदा, दुपारी आणि झोपण्यापूर्वी, फक्त तीन गोष्टी लिहा: शरीराचा त्रास ० ते १० मध्ये किती, मनाचा त्रास ० ते १० मध्ये किती, आणि त्याच्या आधी काय घडलं. एक-दोन ओळी पुरेत. निबंध लिहायला बसलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल.

संधिवात असलेल्या एखाद्या बाईंच्या वहीत अशा नोंदी सापडतील:

'मंगळवार, दुपारी ४. दुखणं ४, मन ८. भाचीचा फोन. सगळे फिरायला चाललेत, मावशी तू येतेस का म्हणाली. नाही म्हटलं. नंतर तासभर कुणाशी बोलले नाही.'

'गुरुवार, रात्री १०. दुखणं ७, मन ३. बोटं सुजलीत. जुनी मैत्रीण येऊन गेली, खूप हसलो.'

या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचा. मंगळवारी दुखणं कमी होतं, मन मात्र पार खचलं होतं. म्हणजे त्या दिवशी वेदनेची गोळी घेऊन काही होणार नव्हतं. 'नाही' म्हणावं लागणं हेच खरं दुखणं होतं. गुरुवारी उलट. आठवड्याच्या शेवटी दोन आकडे कुठे एकत्र चढतात आणि कुठे फारकत घेतात ते बघा. फारकत घेतलेल्या जागा लाल पेनने खुणा करून ठेवा, पुढचं बरंचसं काम तिथेच करायचं आहे.

सात दिवस झाले की रोजची नोंद थांबवा. शरीराकडे सतत टक लावून बसलं की त्रास वाढतो, कमी होत नाही. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब मोजायला सांगितला असेल तर तो अर्थातच चालू ठेवा.

उदासी शरीरातून तर येत नाही ना?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग महिनोन्‌महिने स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी विनाकारण उत्साह तर कधी रडू येतं. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटामने काहींचा पारा चढलेला राहतो. रक्तदाब किंवा धडधडीसाठीच्या प्रोप्रॅनोलॉलने गळून गेल्यासारखं वाटतं, भीतिदायक स्वप्नंही पडू शकतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं. त्यातून थकवा, मुंग्या, उदासी. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब नैराश्यात असल्यासारखा दिसतो. किडनीच्या आजारात रक्त कमी झालेलं असू शकतं, त्यानेही थकवा येतो. आणि शरीरात दाह (इन्फ्लमेशन, आतली सूज) सुरू असला की त्या दाहातले रासायनिक संदेश मेंदूपर्यंत पोहोचून इच्छा, भूक आणि बोलण्याचा उत्साह सगळंच खाली आणतात.

साखर घसरल्यावर होणारी धडधड, घाम आणि थरथर तर घबराटीच्या झटक्यासारखीच असते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर अशा वेळी आधी साखर मोजा. मोजायची सोय नसेल तर साखर कमी झाली आहे असं धरूनच डॉक्टरांनी सांगितलेला उपाय लगेच करा.

म्हणून सगळ्या औषधांची यादी करा, प्रत्येकापुढे ते कधी सुरू झालं ते लिहा आणि मनःस्थिती कधीपासून बिघडली ती तारीख शेजारी टाका. दोन्ही जुळत असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'हे या गोळीमुळे होत असेल का?' कधी गोळीची वेळ बदलून भागतं, कधी डोस, कधी औषधच. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. स्टेरॉइड आणि फिट्सच्या गोळ्या अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

गेलेल्याचं दुःख

आजाराने काही ना काही हिरावून घेतलेलं असतं. धावणं, नोकरीतली बढती, मूल, गाण्याचा क्लास, नुसतं कुणाला न विचारता घराबाहेर पडणं. त्याचं दुःख करायला कुणी सवड देत नाही, कारण 'जीव तर वाचला ना' हे उत्तर तयार असतं. सवड आपणच काढायची. काय गेलं त्याची नावं घालून यादी करा. 'सगळं गेलं' असं लिहू नका, 'रविवारी सकाळचं पोहणं गेलं' असं लिहा. मग प्रत्येकापुढे एक खूण करा: कायमचं गेलं, सध्यापुरतं गेलं, की रूप बदलून परत आणता येईल? तिसऱ्या खुणेच्या गोष्टी सहसा अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. पहिल्या खुणेच्या गोष्टींसाठी रडू आलं तर येऊ द्या.

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार असे पाच टप्पे क्रमाने पार करायचे असतात असं कुठेतरी वाचलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर मृत्यूच्या दारात असलेले रुग्ण होते. तीस-चाळीस वर्षं आजारासोबत जगणाऱ्या माणसाला ती फूटपट्टी लागू पडत नाही. तुम्ही तीन वर्षं शांत होता आणि नवा रिपोर्ट आल्यावर पुन्हा संतापलात, तर तुमची गाडी मागे गेलेली नाही. प्रत्येक नव्या घसरणीचं दुःख नवंच असतं.

हे कागदावर उतरवायचं असेल तर एक पद्धत तपासलेली आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनात खोल रुतलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. करायचं असेल तर चारच दिवस करा, लिहिलेलं कुणाला दाखवू नका आणि झोपण्याच्या तोंडावर बसू नका. निदान कालच झालं असेल, किंवा लिहिताना मन फारच कोसळत असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी सध्या नाही.

शक्तीचा हिशेब

बरं वाटलं की साचलेली सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस आडवं व्हायचं, ही जुनाट आजारातली सगळ्यात मोठी खोड. यात शरीर थकतं हे उघड आहे, पण खरी हानी मनाची होते. 'आपल्या शरीराचा भरवसा नाही' ही भावना याच चढउतारातून पक्की होते.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. एखादं काम, समजा उभं राहून स्वयंपाक, किती वेळ केलं की त्रास सुरू होतो ते तीन-चार वेळा घड्याळ लावून बघा. २० मिनिटांनी कंबर बोलायला लागत असेल तर १५ मिनिटांचा गजर लावा आणि गजर वाजला की बसा. दुखायला लागायची वाट बघायची नाही. बऱ्या दिवशीही १५ मिनिटंच. हे शेवटचं सगळ्यात जड जातं, कारण बऱ्या दिवशी हात शिवशिवत असतात. दोन-तीन आठवडे त्रास स्थिर राहिला तरच एक-दोन मिनिटं वाढवा.

याला एक अपवाद आहे. काही आजारांत, विशेषतः एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात आणि कोविडनंतर त्रास रेंगाळलेल्या काही रुग्णांमध्ये, श्रमाचा फटका त्याच दिवशी बसत नाही, एक-दोन दिवसांनी बसतो. तिथे 'रोज थोडं वाढवा' हा सल्ला घातक ठरतो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एमई/सीएफएसच्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार देऊ नये असं सांगितलं. वहीत परवाच्या श्रमाची आणि आजच्या थकव्याची जोडी दिसत असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही वाढवू नका.

हिशेब करताना आनंदाची गोष्ट शेवटी ढकलली जाते. शक्ती उरली तर चित्र काढीन, असं म्हणणाऱ्याची शक्ती कधीच उरत नाही. म्हणून दिवसाच्या ताज्या तासातला थोडा भाग आधीच त्यासाठी राखून ठेवा, मग भांडी राहिली तरी राहू द्या. वाटेल तेव्हा करीन म्हणून थांबू नका. उदास मनाला आधी काहीच करावंसं वाटत नाही, गोडी करता करता लागते.

रात्र आणि रिपोर्टची वाट

मन चिंती ते वैरी न चिंती, हे रात्री दोन वाजता पटतं. काळजी करू नको म्हटल्याने काळजी जात नाही, तिला वेळ ठरवून द्यावी लागते. संध्याकाळी अर्धा तास ठरवा, रोज एकाच खुर्चीत, अंथरुणात नाही. दिवसभर मनात आलेल्या शंका चिठ्ठीवर टिपून एका डब्यात ठेवायच्या आणि त्या अर्ध्या तासात एकेक काढायची. प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न: यावर मला काही करता येण्यासारखं आहे का? असेल तर पहिलं पाऊल आणि तारीख लिहा. 'डोळे जातील का' ही नुसती धास्ती. 'डोळ्यांच्या तपासणीची वेळ सोमवारी घेणे' हे काम. नसेल तर चिठ्ठी परत डब्यात. अर्धा तास संपला की उठायचं.

घाबरल्यासारखं झालं तर श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं पुरे. श्वास रोखून धरू नका. फुप्फुसाचा आजार असेल तर फिजिओथेरपिस्टने शिकवलेली पद्धतच वापरा. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरतं. त्यांनी तळपाय जमिनीवर दाबून समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचं बळ जाणं असं काही नवं असेल तर त्याला ताण समजून बसू नका, दवाखाना गाठा.

रिपोर्ट यायचा असेल तर तो कोण उघडणार, कधी उघडणार आणि तेव्हा शेजारी कोण असणार हे आधी ठरवा. रात्री एकट्याने फोनवर रिपोर्ट उघडून एकेक आकडा इंटरनेटवर शोधण्यात काही शौर्य नाही. डॉक्टरांशी बोलण्याच्या दिवसापर्यंत तो बंद ठेवायची मुभा तुम्हाला आहे.

माणसं

सगळ्यांना सगळं सांगायचं बंधन नाही. मनाशी तीन वर्तुळं काढा. आतल्या दोघा-तिघांना खरं काय ते सांगा. मधल्यांना तुमच्यामुळे ज्यात फरक पडतो तेवढंच. बाहेरच्यांना एक ठरलेलं वाक्य: 'उपचार चालू आहेत, बरं चाललंय.' हे खोटं बोलणं नाही.

'दिसतेस तर छान!' हे वाक्य ऐकावंच लागतं. त्यावर वाद घालून शक्ती घालवू नका. 'हो ना, दिसत नाही तोच त्रास आहे हा,' एवढं म्हणून विषय बदला. अमक्याला तमक्या काढ्याने गुण आला, असं सांगणाऱ्या काकांना 'डॉक्टरांना विचारते हं' एवढं बोलून वाटेला लावता येतं. पण घरातल्या माणसाशी असं चालत नाही, तिथे नेमकं बोलावं लागतं. 'तुला माझी काही पडलेलीच नाही' याने भांडण होतं. 'अरे, आज माझी बोटं वळत नाहीयेत. रात्रीची भांडी आणि मुलांचा अभ्यास तू बघशील का? उद्याचं उद्या सांगते' यात काम होतं. मदत करायची इच्छा पुष्कळांना असते, काय करायचं ते कळत नसतं. आणि बोलायला सुरुवात करतानाच सांगा: 'मला उपाय नकोय, नुसतं ऐक.' हे न सांगितल्याने किती संवाद फुकट जातात!

मुलांपासून लपवू नका. आजाराचं नाव सांगा आणि दोन गोष्टी न विचारताही सांगा: हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि तुझी काळजी कोण घेणार ते ठरलेलं आहे. आजार संसर्गाने होणारा नसेल तर तेही सांगून टाका.

डॉक्टरांसमोर

वेळ थोडा असतो. तीन प्रश्न कागदावर, सगळ्यात महत्त्वाचा पहिला, आणि तो आत शिरताच. 'फार त्रास होतो' यातून डॉक्टरांना काही हाती लागत नाही. 'गेल्या दोन आठवड्यांत चार रात्री झोप नाही, जिना एका दमात चढता येत नाही, तीन दिवस घराबाहेर पडावंसंच वाटलं नाही' यातून लागतं.

गोळ्या चुकत असतील तर तेही सांगून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन उपचार नीट पाळणारे रुग्ण सुमारे निम्मेच. म्हणजे तुम्ही काही जगावेगळा गुन्हा केलेला नाही. मधुमेहाच्या रोजच्या कटकटीने येणाऱ्या वैतागासाठी विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली वेगळी २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, कारण हा वैताग म्हणजे नैराश्य नव्हे. त्याच्यावर नैराश्याच्या गोळ्या शोधण्यापेक्षा 'या उपचारातलं काय हलकं करता येईल?' असं विचारणं बरं. कधी गोळ्यांच्या दिवसाच्या तीन वेळा दोनवर आणता येतात.

तज्ज्ञ कधी हवा

जुनाट शारीरिक आजार असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण निरोगी माणसांपेक्षा दोन ते तीन पट असतं. त्यामुळे याची चौकशी ही दर फॉलोअपची नेहमीची बाब असायला हवी. पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची प्रश्नावली बऱ्याच दवाखान्यांत वापरतात: गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर तपासणी करून घ्यावी. पण झोप, थकवा, भूक यांचे गुण आजारामुळेही चढतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे नीट बघा: कशातच रस न वाटणं आणि उदास, हताश वाटणं. या दोघांची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर एकूण आकडा कितीही असो, डॉक्टरांशी बोला. समुपदेशन, विचार आणि वागण्यावर काम करणारी सीबीटी, गरज पडली तर औषधं, हे सगळं आजाराच्या उपचारासोबत चालतं. फक्त मानसोपचारतज्ज्ञांना तुमच्या बाकीच्या गोळ्यांची यादी दाखवा.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आजच कुणाला तरी तसंच्या तसं सांगा, एकटे राहू नका, तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला किंवा तातडीच्या सेवेला फोन करा. जुनाट आजारात घरात औषधांचा साठा असतोच. तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्याच जवळ ठेवा. घरातल्यांनीही थेट विचारायला कचरू नये. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने येत नाही.

सांभाळणाऱ्यासाठी थोडंसं

तुमची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली? ती तारीख आठवत नसेल तर आधी तपासणीची वेळ घ्या. आणि रुग्णाला जे स्वतः करता येतं ते काढून घेऊ नका. हळू होईल, वाकडंतिकडं होईल, तरी करू द्या.

बऱ्या दिवशी लिहायचा कागद

आजार उसळला की डोकं चालत नाही. म्हणून बरं वाटत असतानाच एक पान लिहून ठेवा. सगळ्यात वर, उसळी येतेय हे कसं कळतं: तुमच्या वहीतल्या खुणा, म्हणजे सकाळचा ताठरपणा लांबणं, चिडचिड, झोप मोडणं, काय असेल ते. त्याखाली औषधात काय बदल करायचा, पण तो डॉक्टरांनी आधी सांगितलेलाच. कितीपर्यंत घरी थांबायचं आणि कशाला दवाखाना गाठायचा. कुणाला फोन करायचा, पहिला आणि दुसरा. काय रद्द करायचं आणि त्यासाठीचा तयार मेसेज: 'तब्येत बिघडली आहे, या आठवड्यात जमणार नाही, बरं वाटलं की कळवते.' खाली, त्या दिवशी किमान काय झालं म्हणजे पुरे: गोळ्या, पाणी, दोन वेळचं जेवण, बस्स. आंघोळ राहिली तरी चालेल, हेही लिहून ठेवा, नाहीतर त्या दिवशी तेच मनाला खात बसतं.

पानावर तारीख घाला. औषध बदललं की पान बदला. एक प्रत औषधांच्या डब्यात, एक फोटो तुमच्या फोनमध्ये आणि एक अशा माणसाकडे, जो रात्री फोन उचलतो.